ताटाची डावी बाजू

एकोणतीस वर्षं मी बंदरात क्रेन चालवली. जमिनीपासून चाळीस मीटर उंचावर काचेच्या केबिनमध्ये बसायचं, पायांमधल्या काचेतून खाली बघायचं आणि जहाजातला कंटेनर उचलून ट्रेलरवर अलगद ठेवायचा. अलगद म्हणजे असा, की ट्रेलरच्या ड्रायव्हरच्या हातातला चहा सांडता कामा नये. हे मी बढाई मारायला सांगत नाही. खरं तर बढाई मारायलाच सांगतोय, पण त्यात खोटं काही नाही.

या सगळ्या वर्षांत समुद्र मी फक्त वरून पाहिला. आमचं गाव साताऱ्याकडचं, बायकोही तिकडचीच, घर उलव्यात आणि नोकरी पाण्यावर. पण पाण्याच्या काठाकाठाने मी कधी गेलो नव्हतो. कुठून कुठून आलेली जहाजं रिकामी केली आणि स्वतः मात्र अलिबागच्या पुढे गेलेलो नाही, ही गोष्ट निवृत्तीनंतर मला लागायला लागली. एके दिवशी सकाळी गॅलरीत उभा राहून नव्या विमानतळाकडे उतरणारी विमानं बघत होतो, तेव्हा ठरवून टाकलं. दिवाळी झाली की मोटारसायकल काढायची आणि किनाऱ्याने थेट वेंगुर्ल्यापर्यंत जायचं. सहा दिवस, आणि एकट्याने.

बिल्डिंगखाली बाकड्यावर बसणाऱ्या मंडळींना हे कळल्यावर त्यांनी माझी यथेच्छ टर उडवली. एक म्हणाला, काका, या वयात गुडघ्याला बाम लावतात, चेनला ऑइल नाही. मी म्हटलं, तुमच्या वयाच्या माणसांनी बाकड्यावरून उठूनही दाखवावं. बायको मात्र हसली नाही. ती मेथी निवडत होती. जुडी संपवली आणि मग म्हणाली, "जावा. न्हाई म्हनत न्हाई मी. पर एकदा जरी पडलासा, तर गाडी बंद. परत हात लावायचा न्हाई. कबूल?"

मी लगेच कबूल म्हटलं. पडायचा माझा विचारच नव्हता. तिच्या मनात ही शंका कुठून आली तेही मला माहीत होतं. गेल्या काही महिन्यांत पार्किंगमधल्या खांबाला गाडी दोनदा घासली होती. पण तो खांबच चुकीच्या जागी आहे, आणि तसं मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलंही होतं. सेक्रेटरी म्हणाले, खांब बिल्डिंग बांधल्यापासून तिथेच आहे. मी म्हटलं, म्हणून तो बरोबर ठरत नाही.

पहाटे निघालो. सुरुवातीचा रस्ता माझ्या ओळखीच्या ट्रेलरांनी भरलेला होता. पेण मागे पडल्यावर ते कमी झाले, रेवदंड्याचा पूल ओलांडला आणि मग समुद्र उजव्या हाताला आला तो तिथेच राहिला. काशीदचा तो लांबलचक वाळूचा पट्टा बघून मी गाडी बाजूला लावली आणि अर्धा तास नुसता उभा राहिलो. वरून बघताना समुद्राला आवाज नसतो. केबिनची काच बंद, आत एसी, कानाला रेडिओ. एकोणतीस वर्षं ज्याच्या डोक्यावर बसलो त्याचा आवाज मी साठीच्या उंबरठ्यावर नीट ऐकला. मला फार आनंद झाला, इतका की शेजारच्या सरबतवाल्यालाही तो सांगितला. त्याने मान हलवली आणि विचारलं, कोकम की लिंबू.

संध्याकाळी मुरुडला खोली घेतली. सातच्या सुमारास फोन आला.

"पडलासा?"

"नाही."

"जेवलासा?"

रोज हेच दोन प्रश्न, याच क्रमाने. पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती दुसरा विचारत नसे.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला पहिल्यांदा फेरीबोटीत गाडी चढवली. ही बोट म्हणजे एक सपाट तराफाच. पुढची लोखंडी फळी धक्क्याच्या उतारावर टेकवतात आणि गाड्या तिच्यावरून आत घेतात. मी ती भरताना बारकाईने पाहिली आणि मला राहवलं नाही. बोटीवरच्या माणसाला म्हटलं, तो भरलेला टेम्पो कडेला कशाला, मध्ये घ्या, वजन एका अंगाला जातंय. त्याने टेम्पोकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमी तिकडं सावलीला बसा." मी सावलीला बसलो. टेम्पो मात्र त्याने नंतर मध्ये घेतला, हे मी पाहिलं.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पुन्हा एक खाडी, पुन्हा एक फेरीबोट, मग केळशी, आंजर्ले, हर्णै. खाडी आली की रस्ता संपतो, बोट येईपर्यंत थांबायचं, पलीकडे नवा रस्ता सुरू. मला हे भलतंच आवडलं. वाटेत गाड्या मागून सारखा हॉर्न द्यायच्या. मी रस्त्याच्या मधून चालवतोय असं त्यांचं म्हणणं असावं. कोकणातल्या ड्रायव्हरांना धीर नाही, असा निष्कर्ष मी काढला आणि पुढे चाललो. मी सुखात होतो. त्या तीन दिवसांत मला कुणाची आठवण आली नाही, कशाची काळजी वाटली नाही आणि स्वतःबद्दल एकही शंका आली नाही.

चौथ्या दिवशी पडलो.

खाडी कुठली ते सांगत नाही. त्या लोकांची काही चूक नव्हती, उगाच नाव कशाला घ्या. ओहोटीची वेळ होती, उतार ओला होता. बोट टेकली, फळी पडली, दुचाकीवाले आधी उतरायला लागले. माझ्या पुढचे दोघे सरळ गेले. मी निघालो आणि क्षणात पुढचं चाक कशावर तरी चढून सरकलं. गाडी डावीकडे आडवी, मी तिच्या बाजूला आडवा. कोपर खरचटलं, आरसा फुटला, पाय ठेवायचा दांडा वाकला. बोटीवरचे दोघे धावत आले, त्यांनी आधी मला आणि मग गाडीला उभं केलं. त्यातला एक खाली बघून म्हणाला, "काका, दोर दिसला नाय?"

बोट बांधायचा दोर होता तो. माझ्या मनगटाएवढा जाड, पिवळा, डाव्या बाजूने उतारावर आडवा आलेला.

"दिसला की," मी म्हटलं. "शेवाळावरून घसरली."

हे मी इतक्या सहज बोललो की बोलून झाल्यावर मलाच नवल वाटलं. बंदरात नवीन पोरगा आला की त्याला पहिल्या दिवशी शिकवतात ते हेच. दोर कुठे आहे ते आधी बघ, मग पाय टाक. ताणलेल्या दोराने माणसं कापली जातात. झोपेतून उठवून विचारलं तरी मी आधी दोर बघेन. आणि हा पिवळा दोर मला दिसला नव्हता. शेवाळाचा दोष, असं मी स्वतःलाही दोनतीनदा सांगितलं आणि गाडी चालू केली.

त्या संध्याकाळी एका घरगुती खानावळीत उतरलो होतो. सात वाजता फोन आला.

"पडलासा?"

वास्तविक गाडी पडली होती, मी फक्त तिच्याबरोबर खाली आलो होतो, अशी एक मांडणी मी दुपारपासून तयार ठेवली होती. ती वापरायचीही वेळ आली नाही. "नाही," मी म्हटलं.

ती जरा थांबली. मग म्हणाली, "जेवलासा?"

तिच्याशी मी आयुष्यात बारीकसारीक खोटं बोललोच असेन, पण असं सरळ विचारल्यावर सरळ खोटं कधी बोललो नव्हतो. तोंडाची चव गेली. त्यात जेवताना आणखी एक गोष्ट झाली. खानावळीच्या वहिनींनी ताट वाढलं, मी मासा-भात चापून खाल्ला. ताट उचलायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "चटणी आवडली नाय वाटतं? हातसुद्धा लावला नाय."

"तुम्ही वाढलीच नाही," मी म्हटलं.

त्यांनी बोटाने दाखवलं. मी मान फिरवली, तर चटणी होती. ताटात डावीकडे, मिठाच्या शेजारी, जिथे ती असते तिथेच. खोबऱ्याची, चांगली वाटीभर. मी हसून काहीतरी उत्तर दिलं. पण खोलीत गेल्यावर त्या चटणीने माझी पाठ सोडली नाही. दोर डावीकडे होता. पार्किंगमधला खांबही डावीकडेच होता. एका साध्या परीक्षेने सोक्षमोक्ष लागला असता, आणि ती मला येत होती. ती मी केली नाही. इतका हुशार माणूस, आणि त्याने दिवा घालवून चादर डोक्यावर घेतली.

सकाळी मी नेहमीपेक्षा जास्त जोरात निघालो. गुहागर मागे टाकलं. रस्ता एका कोळीवाड्यातून समुद्राला चिकटून जात होता. ऊन छान होतं. मी सरळ समोर बघत चाललो होतो, रस्ता मोकळा होता, आणि अचानक डावीकडून, अगदी कानाखालून, एक बाई ओरडली. मी ब्रेक मारले. मागे वळून पाहिलं तर रस्त्याच्या कडेला निळी ताडपत्री पसरलेली, तिच्यावर जवळा वाळत घातलेला. माझ्या चाकाचा माग त्या बारीक कोळंबीतून सरळ गेला होता. मागाच्या शेवटाला एक बाई उकिडवी बसली होती. तिचा हात ताडपत्रीवर होता. हात आणि चाकाचा माग यांत जेमतेम वीतभर अंतर होतं.

ती उठली नाही. बसल्या जागेवरून तिने विचारलं, "डोले फुटले काय रे तुजे?"

बंदरात एक नियम आहे, आणि त्याचा मला नोकरीभर अभिमान होता. 'थांब' कुणीही म्हणू शकतो. साहेब असो की झाडूवाला. थांब म्हटलं की क्रेनवाल्याने थांबायचं, का ते नंतर विचारायचं. वाद घालायचा नाही, हा एक कंटेनर ठेवतो आणि मग थांबतो असंही म्हणायचं नाही. मी कधी एका सेकंदाचाही उशीर केला नव्हता. आणि काल दुपारपासून मी मलाच हात करून थांब म्हणत होतो आणि ऐकत नव्हतो. याची मला जी लाज वाटली ती पडल्याचीही वाटली नव्हती.

गाडी बंद केली. हेल्मेट काढलं. बाईसमोर जाऊन बसलो आणि म्हटलं, "बाई, तसंच काहीतरी झालंय. माझं एक काम कराल?"

तिला वाटलं, हा प्यायलाय. तिने दोनदा वास घेऊन खात्री केली. मग मी सांगितलं तसं केलं. मी तिच्या नाकाकडे नजर लावून बसलो आणि तिने आपला हात माझ्या बाजूने हळूहळू पुढे आणला, बोटं हलवत. दरवर्षी बंदराचे डॉक्टर करायचे ती ही परीक्षा, निवृत्त झाल्यापासून मला कुणी सांगितली नव्हती आणि मी केली नव्हती. उजवीकडून हात आणला, तो कानापाशीच दिसला. डावीकडून आणला. मी वाट बघत राहिलो. "आणा ना," मी म्हटलं.

"कवाचा हाय हात," ती म्हणाली.

एक एक डोळा झाकूनही बघितलं. दोन्ही डोळ्यांनी तेच. डावीकडे, खालच्या बाजूला, काही नव्हतं. काळोखही नव्हता, नाहीतर मला कळलं असतं. नुसतं काही नव्हतं, आणि काही नाही हे कुणाला दिसत नाही.

मग तिथेच बसून बायकोला फोन लावला. सकाळचे दहा वाजले होते. तिने उचलला आणि या वेळेला फोन का, असंही विचारलं नाही. मी म्हटलं, "काल पडलो. तुला खोटं सांगितलं. आणि मला डावीकडचं दिसत नाही. आत्ता एका बाईचा हात चाकाखाली येत होता. मी गाडी थांबवली आहे. आता चालवणार नाही."

एवढं सगळं मी एका दमात बोललो, आणि बोलून झाल्यावर मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी मी एखादं काम नियमाप्रमाणे केलं होतं.

ती म्हणाली, "लागलंय का कुठं?"

"कोपराला. थोडं."

"गावाचं नाव सांगा. नीट सांगा. कंच्या स्टँडावर उतरायचं?"

तो दिवस आणि ती रात्र मी त्या कोळणीच्या पडवीत काढली. मी गावात कुठे खोली मिळते का विचारलं, तर तिने वेड्यात काढलं. गाडी तिच्या अंगणात माडाखाली लावली. नुकसानीबद्दल मी बोलायला लागलो तेव्हा तिने मला कामाला लावलं, जवळा उलटवायला. तासाभराने येऊन पाहिलं आणि म्हणाली, "दादा, या अंगाचा तेवढा चांगला केला हास. त्या अंगाला मीच बगते." मी खूप हसलो. ती हसली नाही, पण चहा आणून दिला, आणि कप माझ्या उजवीकडे ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमारास बायको आली. साताऱ्याला ती एकटी शंभरदा गेली असेल, पण कोकणात जन्मात उतरली नव्हती. रात्रीची एस.टी., मग चिपळूण, मग गुहागर, मग ही गावची गाडी. हातात एक पिशवी होती. तिने माझ्याकडे, माझ्या कोपराकडे आणि मग माडाखालच्या गाडीकडे पाहिलं. आता ऐकून घ्यायचं, म्हणून मी तयार झालो.

ती पडवीत माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "चार म्हैनं झालं, तुमी चटनी खात न्हाईसा."

मला खानावळीतलं ताट आठवलं.

"शेंगदान्याची, लसनाची, रोज बदलून केली. ताट धुवायला घ्यावं तर चटनी हाय तशी. मला वाटलं, आता म्हातारपनी माझ्या हातचं आवडंना झालं यांला. विचारायचंबी नगं वाटलं." मग तिने पिशवी खाली ठेवली. "दिसत नव्हती म्हनून सांगायचं व्हतं की वं."

"मलाच माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"आता झालं न्हवं माहीत."

पुढे खारघरच्या डॉक्टरांनी मेंदूचे फोटो काढले आणि सांगितलं, डोळे ठणठणीत आहेत. डोक्यात मागच्या बाजूला केव्हातरी एका बारीक जागेचा रक्तपुरवठा तुटला, ती जागा बघायचं काम करायची, गेली. दुसरी कुठली जाऊ नये म्हणून गोळ्या सुरू झाल्या. मोटारसायकल चालवायची नाही, हेही त्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं. मी त्यांना म्हटलं, डॉक्टर, ते माझं मी आधीच बंद केलंय, तुम्ही फक्त कागदावर लिहा. गाडी कोळणीच्या पुतण्याने टेम्पोत घालून पाठवली आणि आता ती आमच्या पुतण्याकडे असते. वेंगुर्ला राहिलं ते राहिलंच. पण कुणी विचारलं तर मी सांगतो, कुठे थांबायचं हे मी ठरवलं आणि बरोबर ठरवलं.

त्या दुपारी मात्र आम्हाला परतीची एस.टी. पकडायची होती. गावातून गुहागरला जाणारी ही गाडी पहिला बराच रस्ता समुद्राच्या कडेने जाते. गाडी रिकामी होती. समुद्र डावीकडे असणार होता, म्हणून मी डावीकडच्या बाकावर खिडकीशी जाऊन बसलो. ही मागून आली, म्हणाली, "सरका. मला खिडकी पायजे."

मला राग आला. सहा दिवसांचा प्रवास पाचव्या दिवशी मोडला होता, आता निदान जाता जाता समुद्र तरी बघू द्यावा. पण इतक्या लांबून ती आली होती, तेव्हा मुकाट्याने सरकलो. ती खिडकीशी, माझ्या डाव्या अंगाला बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि बाहेर बघायला लागली. कंडक्टरने तिकिटं फाडली, गाडी सुटली. मग बाहेर बघतच ती, हळू आवाजात, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशी बोलायला लागली.

"पानी लागलं. लई निळं हाय, आपल्याकडल्यावानी न्हाई. दोन होड्या हायेत, एक लाल. वाळूत कुत्रं बसलंय. आता माड आलं, पानी दिसंना. थांबा. हां, आलं परत. कडंनं एक बाई चालली हाय, डोक्यावर मोळी हाय तिच्या." गाडीने हॉर्न दिला. "सरकली बाजूला. गेली."

मी मान वळवून बघितलं नाही.